बांधाकडची पात

दिवाळी सरली की धुळ्याच्या हायवेवर कापसाचे टेम्पो सुरू होतात. जाळीतून सुटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकतो आणि दूरपर्यंत बाभळी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसतात. मी स्कूटीवरून कॉलेजात शिकवायला जाते तेव्हा तो वास नाकात येतो. सरकीचा, किंचित तेलकट, किंचित धुळीचा. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, भरीत आठवतं. मलाही आठवतं. पण त्याच्या आधी मला संशय आठवतो. कापसाचा हंगाम म्हणजे आमच्या घरी एकमेकांवर डोळा ठेवायचा हंगाम.

आमचं गाव धरणगावकडून आत वळल्यावर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गावातल्या मुलींमध्येही पहिलीच. हे सांगताना मी खाली बघत नाही. खाली बघायचं ते कपाशीत, आणि तेही मी पुष्कळ बघितलंय.

कापूस घरात येतो तेव्हा माणसांना जागा उरत नाही. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग. मी परीक्षेचा अभ्यास त्या ढिगाला टेकून केलेला आहे. पाठीला उबदार लागायचं आणि अंगाला खाज सुटायची. ढिगातून लाल किडे निघून पुस्तकावर चालायचे. भाव वाढेल म्हणून नाना, म्हणजे माझे वडील, कापूस धरून ठेवायचे आणि तेवढे दिवस कोणावर विश्वास ठेवायचे नाहीत. व्यापारी दारात आला की आधी त्याचा काटा बघायचे, मग त्याचे डोळे. बियाण्याची पिशवी दुकानातच हुंगायचे. मी कॉलेजातून आणलेलं प्रमाणपत्रसुद्धा त्यांनी उन्हात धरून पाहिलं होतं.

"शिक्का खरा शे ना?"

"खरा शे, नाना."

"नही, आजकाल बठ्ठंच खोटं मियस."

सगळंच खोटं मिळतं, असं म्हणणारा माणूस. त्यांची चूक नाही. ज्वारी कापून खळ्यावर येते, केळीच्या घडाला वजन असतं. कापूस मात्र उघड्या रानात पांढराफटक लटकत असतो, आणि ज्याला हात आहे त्याला तो वेचता येतो. त्याला ना कुंपण पुरतं ना कुलूप. रोज सकाळी वावरात शिरताना पहिली नजर झाडांवर जायची, कालच्याइतकं पांढरं आहे ना?

वेचणी बायकांची. पुरुष गठडी उचलतो, गाडीत भरतो, काट्यावर उभा राहतो. वाकून वेचत नाही. वेचायला कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधावी लागते, आणि पुरुषाने ओटी बांधली तर गाव त्याला पुढची दहा वर्षं नावं ठेवील. कोणी असा नियम केला, विचारू नका. सगळ्यांना माहीत असतो.

माझी माय गावातली नावाजलेली वेचणारी. दोन्ही हात एकदम चालायचे, डावा वेगळ्या बोंडावर, उजवा वेगळ्या. प्रत्येक बाई एक पात धरते, म्हणजे आपली ओळ. माय नेहमी बांधाकडची पात धरायची. ती सगळ्यात वाईट. तिथे गवत, बोरीचे काटे, उंदरांची बिळं. पण मालकिणीने वाईट पात धरली की मजूर बायका कुरकुर करत नाहीत, हे तिचं शास्त्र. आणि वाईट पात धरूनही ती सगळ्यांच्या आधी टोकाला पोचायची. मग पाणी पीत मागे वळून म्हणायची, "या वं, रातले पोचशात का?"

बांधाच्या पलीकडे केसरअक्काचं वावर. अक्का आणि माय एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. अक्काचा नवरा लवकर गेला. वावर तिने एकटीने धरून ठेवलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादहीची पूजा दोघी मिळून त्याच बांधावर करायच्या. पाच खडे मांडायचे, त्यांच्यावर दहीभात, ताज्या बोंडातल्या कापसाची वात. एक वात दोघींची. एकमेकींच्या वावरात वेचायला जाणं तर ठरलेलंच.

त्या वर्षी मी एम.ए. होऊन घरी होते, नोकरीच्या मुलाखतीची वाट बघत. त्या वर्षीच माय मागे पडायला लागली.

आधी कोणी बोललं नाही. सकाळी थंडीत तिची बोटं वळत नव्हती. चुलीपुढे ती हात इतके जवळ धरायची की मला भीती वाटायची. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या असतात. पूर्वी त्या तिला लागत नसत, आता बोटांतून रक्त यायचं. मी विचारलं तर म्हणायची, "बोरना काटा लागना." रोज बोरीचाच काटा. मजूर बायका टोकाला पोचून थांबायच्या आणि आपापसात बघायच्या. एकीने गमतीत म्हटलंही, "काय वं मालकीन, रातले पोचशी का?" सगळ्या हसल्या. मायही हसली. त्या दिवशी घरी येऊन तिने दोन भाकरी करपवल्या.

आणि मग एके सकाळी बांधाकडची पात अर्धी वेचलेली सापडली.

अर्धीच. एका झाडावर बोंडं भरलेली, शेजारच्यावर नुसती रिकामी टरफलं. चोरी असती तर लांबलचक पट्टा साफ झाला असता, असं आज वाटतं. तेव्हा नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्या दिवसांत माय इतर बायकांच्या बरोबरीने टोकाला पोचली. पोचणारच, पात अर्धी रिकामीच होती. पण टोकाला उभी राहून ती पाणी न पिता बांधापलीकडे बघत राहिली.

केसरअक्का आपल्या वावरात वेचत होती.

"कोनी येचा वं हाऊ कापूस?" मायने मोठ्याने विचारलं. दिसायला सगळ्यांना विचारत होती. तोंड मात्र बांधाकडे.

अक्का सरळ उभी राहिली. "माले काय इचारस? मना वावर मा काय माती शे का?"

"बांधनी पात शे. बांधना पलीकडे कोन शे, तूच सांग."

"इतला वरीस तुना संगे येचं, आते माले चोर म्हनस?"

"मी कोनं नाव लिधं का?"

"नाव नही लिधं. पन बोट ते दखाडं."

बोट तर दाखवलंस, एवढं बोलून अक्का पुन्हा वाकली आणि वेचू लागली. मजूर बायकाही वाकल्या, पण त्यांचे कान आपण घरी काय काय न्यायचं ते भरून घेत होते. संध्याकाळी पाणी भरायला गेले तर गोष्ट माझ्या आधी तिथे पोचलेली.

मला खटकलं ते वेगळंच. घरी ही बातमी नानांना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. जो माणूस पोस्टमनने आणलेलं पाकीट उलटसुलट करून बघतो, घरातली काडेपेटी कमी भरली तर चौकशी करतो, तो स्वतःच्या वावरातली चोरी ऐकून ताटातल्या डाळीत भाकरी कुस्करत बसला. "व्हई जाई," म्हणाले. होऊन जाईल. काय होऊन जाईल?

दुसऱ्या दिवसापासून चोरी थांबली.

झालं, सगळ्यांची खात्री पटली. पारावर, पिठाच्या गिरणीवर, किराण्याच्या दुकानात एकच बोलणं: बोललं आणि थांबलं, म्हणजे चोर तीच. गावाला पुरावा कसा लागतो बघा. न घडलेल्या गोष्टीचाही चालतो.

नानांवर माझा डोळा होताच. चोरीच्या दिवसांत ते पहाटे उठून जायचे आणि परत येताना त्यांच्या पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले असायचे. "गोठा मा गयथू," म्हणायचे. गोठ्यात दव पडतं का? खरं सांगते, माझ्या मनात नको ते आलं होतं. माणूस या वयात पहाटे कुठे जातो, असा प्रश्न पडला की शिकलेल्या आणि न शिकलेल्या बाईच्या डोक्यात एकच उत्तर येतं. म्हणून एका सकाळी मी गोठ्यात शिरले आणि वैरणीच्या मागे हात घातला. हाताला मायचं जुनं हिरवं लुगडं लागलं. त्याला ओटीची गाठ मारलेली होती, आणि गाठीत कापूस.

नाना दारात उभे होते.

"हाई काय शे, नाना?"

"दखस ते शे ना." मग बैलाच्या पाठीवर हात फिरवू लागले. "तुनी मायना हात दुखतस. बाया हासतस तिले. मी म्हनं, अर्धी पात मी हलकी करी दिसू. तिले कयाव नही." तिला कळायचं नाही, असं त्यांना वाटलं होतं.

"मंग तिले सांगा ना."

"तिले सांगू? ती माले वावर मा गाडी टाकी." गाडूनच टाकेल म्हणे.

"आनि केसरअक्कानं काय?"

त्यांना बांधाकडची पात हलकी करायची होती कारण ती मायची पात. ती नेमकी अक्काच्या बांधाला लागून आहे, हे आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. स्वतः चोर झाल्यावर चोर कोणाला म्हणतील, याचा हिशेब त्यांनी कधी केलाच नव्हता.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. ते म्हणाले, "सांग. मंग तुनी माय परत वावर मा पाय टाकाव नही. तेबी सांग." ही धमकी नव्हती. आम्हा दोघांना मायचा स्वभाव माहीत होता. वेचणी हीच तिची गावातली जागा होती. माझ्याकडे पदवी होती. तिच्याकडे ते दोन हात. नवऱ्याने चोरून आपली पात वेचली, हे चार बायकांत कळलं असतं तर तिने ओटीच जाळून टाकली असती. आणि न कळलं तर बांधापलीकडची बाई चोर ठरत होती. मी गोठ्यातून बाहेर आले ती गप्प बसायचं ठरवूनच.

लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेल्या त्या दोघांना मी कधी शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं. एकमेकांचं नाव घेणं तर दूरच. "रेखाना बाप", "रेखानी माय", असं माझ्या नावाच्या आडून बोलायचे. तो तिला औषध आणून द्यायचा तर कोनाड्यात ठेवून निघून जायचा. ती त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायची आणि "मांजर तोंड घाली" असं भिंतीला सांगायची. कॉलेजात मैत्रिणी प्रेमाबद्दल बोलायच्या तेव्हा मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, आमच्याकडे ही वस्तू येत नाही. आता वाटतं, येत असावी, पण आमच्या घरात ती चोरूनच यायची. पकडली गेली की लाज.

त्याच आठवड्यात मी पुढच्या खोलीत गेले तर माय ढिगात खांद्यापर्यंत हात घालून उभी. तिने आतून मूठभर कापूस काढला. पिवळट, दमट. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस असा होतो. ऊन चढायच्या आत कोणी बाई वेचत नाही ती त्याचसाठी. त्यात बोंडाच्या पाकळ्याही तशाच तुटून आलेल्या. तिने तो ओला कापूस टोपलीत भरला, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, नेऊन उन्हात पसरला. मी मागोमाग जिना चढले.

"माय, ओला कापूस कथाइन उना?"

"दव पडनं व्हई."

"घर मा?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पायरी खाली उतरले. "तू लई शिकेल शेस ना? तूच सांग."

म्हणजे तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे, हे नानांना माहीत असावं, कारण धाब्यावर पसरलेला तो पिवळा कापूस अंगणातून दिसत होता आणि नाना त्या बाजूला मान वळवत नव्हते. दोघं एकमेकांना जेवायला वाढत होते, बैलांबद्दल बोलत होते, आणि मधे तो कापूस वाळत होता.

एक संशय मात्र माझ्या मनातून आजही जात नाही. मायला हे कळलं कधी? भांडणाच्या नंतर, का आधी? ओला कापूस रोजच ढिगावर पडत होता आणि ढीग रोज तिच्याच हाताखालून जात होता. मग बांधावर उभी राहून ती अक्काला ओरडली, की अक्काच्या आडून नानांना? "थांबा, मला तुमची भीक नको" हे तिला नवऱ्याला सांगायचं होतं आणि ती नेहमी सांगते तसं तिने दुसऱ्याच्या नावाआडून सांगितलं, असं तर नाही? मी तिला हे कधी विचारलेलं नाही. परवा दिवाळीला गेले होते. माय आता ओट्यावर बसून मटार सोलते, बोटं वाकडी झालीत. विचारावंसं वाटलं. ती म्हणाली, "काय दखस?" मी म्हटलं, "काही नही." तिने माझ्याकडे पाहून एक शेंग उगीच दोनदा सोलली.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आभाळ भरून आलं. कपाशीवर पाऊस पडला तर कापूस काळा पडतो, मातीत गळतो, कोणी हात लावत नाही. सगळं गाव वेचायला धावलं. आमच्या वावरात बायका होत्या, पलीकडच्या वावरांत होत्या. केसरअक्काच्या वावरात केसरअक्का एकटी. तिच्याकडे कोणी वेचायला जात नव्हतं आणि कोणी तिला बोलावतही नव्हतं. चोर बाई कोणाला आपल्या वावरात हवी? तिचं वावर पांढरंशुभ्र होतं आणि त्यात तिचं एक निळं लुगडं हळूहळू सरकत होतं. वर ढग शिसाच्या रंगाचे. आमच्या बायका मान खाली घालून वेचत होत्या. माय बांधाकडच्या पातीत होती, सगळ्यांत मागे. अक्का तिच्यापासून चार हातांवर आली की दोघी एकमेकींकडे पाठ करायच्या.

नाना गठड्या न्यायला गाडी घेऊन यायचे होते. ते गाडीशिवाय आले. गावातून, भर दिवसा, पारावरून चालत, कमरेला मायच्या हिरव्या लुगड्याची ओटी बांधून. मी ते बांधावर उगवलेले पाहिले आणि त्यांच्या मागून पारावरचे दोन-तीन रिकामटेकडेही मजा बघायला आलेले.

"काय नाना, ओटी भराले चालनात का?"

"हो," नाना मागे न बघता म्हणाले. "तू नारय ली ये."

नारळ घेऊन ये म्हणे. बायकांनी तोंडाला पदर लावले. नाना आमच्या वावरात आले नाहीत. बांध ओलांडून सरळ केसरअक्काच्या वावरात उतरले, एका पातीच्या तोंडाशी वाकले आणि वेचू लागले. वाईट वेचत होते. पाकळ्यांसकट ओरबाडत होते.

अक्का बघत राहिली. आणि माय.

मायच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. तिने पदर पुढे ओढला होता. ओटीतला कापूस तिने आमच्या गठडीवर रिकामा केला. मग तीही बांध ओलांडून गेली आणि नानांच्या शेजारची पात धरली. जाताना अक्काजवळ थांबून खालच्या आवाजात काहीतरी बोलली.

अक्का म्हणाली, "मोठाइन बोल. त्या दिन मोठाइन बोलनी व्हतीस."

वारा पडला होता. सगळ्या बायका उभ्या राहिल्या होत्या, पारावरचे लोकही. माय आयुष्यात कधी अडखळली नसेल तितकी अडखळली. पण बोलली, आणि त्या दिवसापेक्षा मोठ्याने बोलली.

"मना हात चालतस नही. म्हनीसन यास्नी येचा. चोर आमनाच घर मा व्हता."

कोणी हसलं नाही. नाना वेचतच राहिले, फक्त त्यांचा कान लाल झालेला मला बांधावरून दिसला. थोड्या वेळाने आमच्या मजूर बायकांतली एक पलीकडे गेली, मग दुसरी. मीही गेले. पाऊस आला नाही. ढग सातपुड्याकडे सरकून गेले. ऊन उतरेपर्यंत अक्काच्या बांधावर गठड्यांची रांग लागली.

अक्काने त्या दिवशी कोणाचे आभार मानले नाहीत, की माफ केलं असंही म्हणाली नाही. निघायची वेळ झाली तेव्हा ती बांधावर, जिथून बाहेर पडायची वाट आहे तिथे, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. इतर बायकांना जाऊ दिलं. मला जाऊ दिलं. नाना आणि माय आले तेव्हा बाजूला झाली नाही.

"ओट्या झटका," ती म्हणाली. "मंग जा."

परक्या मजुरणीलाही असं कोणी म्हणत नाही. मला राग आला. मी काही बोलणार होते. मायने माझ्याकडे पाहिलं देखील नाही. तिने गाठीला हात घातला, पण वाकड्या बोटांनी गाठ सुटेना. नाना पुढे झाले. सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदाच, त्यांनी तिच्या कमरेची गाठ सोडली, लुगड्याचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी मिळून ते अक्कासमोर झटकलं. धूळ उडाली. बाकी काही पडलं नाही. मग नानांनी आपली ओटी सोडली, तीही दोघांनी झटकली.

अक्काने दोन्ही लुगडी नीट बघितली. मग तिची नजर नानांच्या स्वेटरवर थांबली. खांद्याशी लोकरीत कापसाचा एक बारीक पुंजका अडकला होता. ती पुढे आली, दोन बोटांनी तो काढला आणि मागे वळून आपल्या गठडीत खोचला.

"हाऊ मना शे," ती म्हणाली, आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली.